पेशींचा माग काढणारे लोहकण

प्रास्ताविक

हिवाळ्यात दूरदेशीहून येणारे पक्षी कोठून येतात आणि परत कोठे जातात, हे जाणून घेण्यासाठी पक्षिशास्त्रज्ञ त्यांच्या पायांत क्रमांक कोरलेले धातूचे हलके कडे अडकवतात आणि त्यांना सोडून देतात. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने याच रीतीने भारतात येणाऱ्या अनेक पक्ष्यांच्या प्रवासाचा माग काढला आहे. पायात कडे नसते, तर थव्यातला एक पक्षी दुसऱ्यापासून वेगळा ओळखता आला नसता.

आधुनिक वैद्यकापुढे असाच एक प्रश्न उभा आहे. रोगाने किंवा अपघाताने निकामी झालेला अवयव दुरुस्त व्हावा म्हणून रुग्णाच्या शरीरात काही विशेष पेशी सोडल्या जातात. त्या नेमक्या कोठे गेल्या? इष्ट स्थळी पोचल्या की वाटेतच अडकल्या? या प्रश्नांची उत्तरे मिळावीत म्हणून शास्त्रज्ञांनी पेशींनाही एक प्रकारचे कडे अडकवले. हे कडे लोखंडाच्या अतिसूक्ष्म चुंबकीय कणांचे आहे. त्याची गोष्ट, त्याचे सामर्थ्य आणि त्याच्या मर्यादा यांचा परिचय या पाठात होईल.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला पुढील गोष्टी करता येतील :
• मूलपेशी म्हणजे काय व पुनर्जनन वैद्यकात त्यांचे स्थान कोणते, हे सांगणे.
• पेशींना चुंबकीय नॅनोकणांची खूण कशी लावतात, हे क्रमाने स्पष्ट करणे.
• एमआरआयच्या चित्रातील काळ्या ठिपक्याचा अर्थ व त्याच्या मर्यादा समजावून सांगणे.
• एखाद्या उपचाराविषयीचा दावा आणि त्याचा पुरावा यांत फरक करणे.
• पारिभाषिक शब्दांची घडण ओळखून त्यांचा लेखनात योग्य उपयोग करणे.

मूळ पाठ

१. झीज आणि भर

पालीची शेपटी तुटली तरी ती पुन्हा वाढते. माणसाला असे सामर्थ्य फार थोड्या प्रमाणात लाभले आहे. त्याची जखम भरून येते, मोडलेले हाड सांधते, यकृताचा काही भाग काढून टाकला तरी उरलेला भाग वाढून पूर्वीइतका होतो. मात्र हृदयविकाराच्या झटक्यात मेलेला स्नायू, मज्जारज्जूतील तुटलेले तंतू आणि गुडघ्यातील झिजलेली कूर्चा आपणहून पूर्ववत होत नाहीत. अशा ठिकाणी नवी, कार्यक्षम पेशीसृष्टी उभी करण्याचा प्रयत्न करणारी वैद्यकाची शाखा म्हणजे पुनर्जनन वैद्यक होय.

या शाखेचा मुख्य आधार आहे मूलपेशी. इंग्रजीतील ‘स्टेम सेल’ या नावानेही ती अनेकांच्या परिचयाची झाली आहे. शरीरातील बहुतेक पेशींचे काम ठरलेले असते. स्नायूची पेशी आकुंचन पावते, तांबडी रक्तपेशी प्राणवायू वाहून नेते. मूलपेशीचे काम असे ठरून गेलेले नसते. तिच्या अंगी दोन गुण असतात. विभागून ती स्वतःसारख्याच नव्या मूलपेशी निर्माण करते आणि योग्य परिस्थिती मिळाली, तर तिच्यापासून विशिष्ट काम करणाऱ्या पेशीही तयार होतात.

रक्त निर्माण करणाऱ्या मूलपेशींचा प्रायोगिक पुरावा कॅनडातील टोरांटो येथे जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅकुलॉक या शास्त्रज्ञांनी १९६१ मध्ये दिला. अस्थिमज्जेच्या प्रत्यारोपणात रुग्णाला उपयोगी पडतात त्या याच पेशी. भारतात असे प्रत्यारोपण मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८३ मध्ये यशस्वी झाले. मानवी भ्रूणातील मूलपेशी प्रयोगशाळेत वाढवण्यात अमेरिकेतील जेम्स थॉमसन यांना १९९८ मध्ये यश आले. जपानचे शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या प्रौढ पेशींना पुन्हा मूलपेशींसारख्या अवस्थेत नेऊन दाखवले आणि २०१२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकाचा सन्मान मिळाला. या शोधांनी लोकांच्या आशा उंचावल्या. त्याबरोबर एक अवघड प्रश्नही पुढे आला.

२. न दिसणारा प्रवास

एखाद्या रुग्णाच्या दुखावलेल्या हृदयात लक्षावधी मूलपेशी टोचल्या, असे समजू. काही महिन्यांनी त्याला बरे वाटू लागले, तर त्याचे श्रेय कोणाला द्यावे? नव्या पेशींना, चालू असलेल्या औषधांना, की शरीराच्या स्वाभाविक भरून येण्याला? आणि बरे वाटलेच नाही, तर दोष कोठे शोधावा? पेशी भलत्याच जागी पडल्या असतील, योग्य जागी पोचून तेथे मेल्या असतील किंवा तेथे जगूनही काही करू शकल्या नसतील. या तीन शक्यतांवरचे उपाय तीन निराळे आहेत. सुई चुकली असेल तर हात सुधारावा लागेल. पेशी मरत असतील तर त्यांना जगवण्याची युक्ती शोधावी लागेल. पेशी निरुपयोगी असतील तर तो मार्गच सोडावा लागेल.

शिरेवाटे सोडलेल्या पेशींचा प्रवास तर आणखी अनिश्चित असतो. रक्ताबरोबर वाहताना त्यांना प्रथम फुप्फुसांतील बारीक केशवाहिन्या ओलांडाव्या लागतात आणि तेथेच त्यांतील पुष्कळशा अडकून पडतात. त्या पेशी रुग्णाच्याच शरीरातून घेतलेल्या असतील, तर भोवतालच्या पेशींपासून त्या वेगळ्या ओळखूही येत नाहीत. प्रयोगातील उंदराचा अवयव कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतो. माणसाच्या हृदयाचा किंवा मेंदूचा तुकडा दर आठवड्याला काढून पाहणे शक्य नाही. म्हणून शरीराला इजा न करता, बाहेरूनच दिसेल अशी खूण पेशींना लावण्याची गरज निर्माण झाली.

३. लोहकणांची घडण

ही खूण किती लहान असते? एका मीटरचे शंभर कोटी समान भाग केले, तर त्यातील एका भागाला नॅनोमीटर म्हणतात. माणसाच्या केसाची जाडी साधारण ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर असते. खुणेसाठी वापरल्या जाणाऱ्या कणाचा लोहयुक्त गाभा अनेकदा ५ ते १० नॅनोमीटर एवढाच असतो. कणाचा गाभा ज्वारीच्या दाण्याएवढा कल्पिला, तर त्याच प्रमाणात पेशी सहा मीटर लांबीच्या ऐसपैस खोलीएवढी होईल.

हा गाभा लोहाच्या ऑक्साइडचा असतो. मॅग्नेटाइट या निसर्गात सापडणाऱ्या चुंबकीय खनिजाचे रासायनिक रूपही हेच आहे. गाभ्यावर डेक्स्ट्रान नावाच्या शर्करायुक्त पदार्थाचे किंवा तशाच अन्य पदार्थाचे आवरण चढवतात, म्हणजे कण पाण्यात विखुरलेले राहतात.

इतक्या लहान आकारामुळे कणांना एक वेगळाच गुण प्राप्त होतो. शिवणाची सुई लोहचुंबकावर घासली, तर चुंबक दूर नेल्यावरही तिच्यात थोडे चुंबकत्व उरते. हे सूक्ष्म कण बाहेरील चुंबकीय क्षेत्रात असेपर्यंत जोरदार चुंबकत्व दाखवतात आणि क्षेत्र काढून घेताच ते चुंबकत्व नाहीसे होते. या गुणाला सुपरपॅरामॅग्नेटिझम असे नाव आहे. हा गुण नसता, तर कण एकमेकांना कायमचे चिकटून त्यांच्या गाठी झाल्या असत्या आणि पेशींत ते वापरता आले नसते.

लोहच का निवडले, याचेही उत्तर सोपे आहे. लोह शरीराच्या ओळखीचे आहे. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३ ते ४ ग्रॅम लोह असते आणि त्यातील बहुतांश तांबड्या रक्तपेशींतील हिमोग्लोबिनमध्ये असते. लोह साठवण्याची व पुन्हा वापरण्याची व्यवस्था शरीरात मुळातच आहे. म्हणून कण कालांतराने विघटित झाले, तरी त्यांतील लोह त्याच व्यवस्थेत सामावले जाऊ शकते.

पाठगत प्रश्न १
(अ) मूलपेशीचे दोन गुण कोणते?
(आ) उपचार अयशस्वी ठरल्यास त्यामागच्या तीन शक्यता पाठात सांगितल्या आहेत. त्या लिहा.
(इ) चूक की बरोबर ते लिहा : बाहेरील चुंबकीय क्षेत्र काढून घेतल्यावरही या नॅनोकणांतील चुंबकत्व टिकून राहते.

४. खूण लावण्याची रीत

पेशींना खूण लावण्याचे काम शरीराबाहेर, प्रयोगशाळेत होते. अस्थिमज्जेतून किंवा अन्य ऊतीतून मूलपेशी वेगळ्या करून पोषक द्रवात वाढवतात. त्या द्रवात नॅनोकण मिसळले की पेशी आपल्या पटलाची खोलगट घडी करून कणांना आत ओढून घेतात.

परंतु सर्वच पेशी अशा खादाड नसतात. जंतूंना गिळणाऱ्या भक्षकपेशी कण सहज गिळतात. मूलपेशी त्यांना फारशा दाद देत नाहीत. शिवाय पेशीच्या पृष्ठभागावर ऋण विद्युत्भार असतो आणि अनेक कणांच्या आवरणावरही तसाच भार असतो. त्यामुळे दोघे एकमेकांना दूर लोटतात. यावर २००४ च्या सुमारास अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी एक साधा तोडगा काढला. हेपारिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचा परिणाम उतरवण्यासाठी डॉक्टर प्रोटामिन नावाचे औषध आधीपासून वापरत होते. त्यावर धन विद्युत्भार असतो. कणांना प्रोटामिनची जोड दिली, तेव्हा मूलपेशींनी ते सहज आत घेतले.

त्यानंतर पेशी धुऊन बाहेर राहिलेले कण काढून टाकतात. काही पेशी नमुन्यादाखल घेऊन त्यांच्यावर लोहाला निळा रंग देणाऱ्या रसायनाची प्रक्रिया करतात. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या आत निळे ठिपके दिसले म्हणजे खूण लागली असे समजते. पेशी जिवंत आहेत का, त्या विभागतात का, हेही याच वेळी तपासतात.

एका पेशीत किती लोह जाते? ते पिकोग्रॅममध्ये मोजतात. एक पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. प्रत्येक पेशीत २० पिकोग्रॅम लोह गेले असे धरले, तर दहा कोटी पेशींतील एकूण लोह केवळ २ मिलिग्रॅम भरते. जुन्या तांबड्या पेशी मोडून शरीर दररोज सुमारे २० मिलिग्रॅम लोह पुन्हा वापरात आणते. त्या मानाने खुणेचे लोह अत्यल्प आहे.

५. चित्रातील काळे ठिपके

खूण लागली, आता ती पाहायची कशी? त्यासाठी एमआरआय हे यंत्र उपयोगी पडते. पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना या तंत्राच्या विकासाबद्दल २००३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. रुग्णालयांत सर्रास आढळणाऱ्या अशा यंत्रातील चुंबकीय क्षेत्र १.५ टेस्ला असते. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राहून ते सुमारे ३० हजार पटींनी प्रबळ आहे. शरीरातील पाण्यामध्ये हायड्रोजनचे असंख्य अणुकेंद्र असतात. रेडिओलहरींनी त्यांना क्षणभर विचलित केले की मूळ स्थितीकडे परतताना ते मंद संदेश देतात. त्या संदेशांपासून संगणक शरीराच्या आतले चित्र रेखाटतो.

लोहकण असलेल्या पेशीभोवतीचे चुंबकीय क्षेत्र किंचित विसकटलेले असते. कवायतीत एका तालावर पावले टाकणाऱ्या रांगेत काहींचा ताल चुकला, तर सगळी रांग विस्कळीत व्हावी, तसे तेथील अणुकेंद्रांचे होते. त्यांचा एकत्रित संदेश लवकर विझतो आणि चित्रात त्या जागी काळा ठिपका उमटतो. कणांचा प्रभाव त्यांच्या आकाराच्या पलीकडेही पसरत असल्यामुळे हा ठिपका प्रत्यक्षाहून मोठा दिसतो. म्हणूनच डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशींचा लहानसा समूहही चित्रात सापडतो.

किरणोत्सारी पदार्थांनीही पेशींना खूण लावता येते, पण तिचे आयुष्य थोडे असते. इंडियम १११ या पदार्थाची किरणोत्सारिता सुमारे २.८ दिवसांत निम्मी होते. लोहकणांची खूण आठवडेच्या आठवडे टिकू शकते आणि एमआरआयच्या चित्रात भोवतालच्या ऊतींचे बारकावेही दिसतात.

६. सुई कोठे चुकली?

या पद्धतीचे मोल नेदरलँड्समधील नायमेखन येथे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने दाखवून दिले. त्यात वापरलेल्या पेशी मूलपेशी नव्हत्या. त्या डेन्ड्रिटिक पेशी, म्हणजे रोगप्रतिकारक यंत्रणेला शत्रूची ओळख करून देणाऱ्या पेशी होत्या. मेलॅनोमा या कर्करोगाच्या आठ रुग्णांना त्या लसीसारख्या द्यायच्या होत्या. त्यांचे काम लसीकाग्रंथींत चालते, म्हणून डॉक्टर सोनोग्राफीच्या पडद्यावर ग्रंथी पाहत पाहत सुई टोचत होते. पेशींवर लोहकणांची खूण होती आणि इंडियमचीही होती.

एमआरआयची चित्रे पाहिल्यावर जे दिसले, ते कोणालाही विचारात पाडणारे होते. आठांपैकी चार रुग्णांत पेशी ग्रंथीमध्ये नीट पोचल्याच नव्हत्या. हात अनुभवी होते, पडद्यावर सुई दिसत होती, तरीही निम्म्या रुग्णांत नेम चुकला होता. ही खूण नसती, तर त्या चौघांच्या बाबतीत लस निष्फळ ठरली असे मानले गेले असते. वस्तुतः लस तिच्या जागी गेलीच नव्हती. एका चांगल्या उपचारावर अकारण अपयशाचा शिक्का बसला असता.

पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, चीनमधील शांघाय येथील डॉक्टरांनी मेंदूला जबर इजा झालेल्या रुग्णाविषयीची निरीक्षणे प्रसिद्ध केली. रुग्णाच्याच मेंदूच्या ऊतीतून मिळालेल्या मूलपेशींना लोहकणांची खूण करून त्या इजेच्या भोवती सोडल्या होत्या. टोचलेल्या जागी उमटलेले काळे ठिपके पुढील आठवड्यांत इजेच्या कडेने पसरत गेल्याचे एमआरआयमध्ये दिसले. मूलपेशी इजेकडे सरकत असाव्यात, असा अंदाज त्यावरून बांधता आला. कालांतराने ते ठिपके पुसट होत गेले.

पाठगत प्रश्न २
(अ) प्रोटामिनची जोड देण्याची गरज का भासली?
(आ) रिकाम्या जागा भरा : एमआरआयच्या चित्रात लोहकण असलेली जागा .......... दिसते, कारण तेथील अणुकेंद्रांचा संदेश लवकर .......... .
(इ) नायमेखनच्या प्रयोगात किती रुग्णांच्या बाबतीत नेम चुकला होता?

७. खूण म्हणजे पेशी नव्हे

शांघायच्या चित्रातील ठिपके पुसट का झाले? पेशी विभागल्या, त्यामुळे प्रत्येकीच्या वाट्याला कमी कमी लोह आले, म्हणून? की पेशी मेल्या आणि लोह विखुरले, म्हणून? चित्रावरून याचे उत्तर मिळत नाही. या पद्धतीची सर्वांत मोठी मर्यादा येथेच आहे. एमआरआय पेशी दाखवत नाही. पेशीत ठेवलेल्या लोहाचा परिणाम तेवढा दाखवतो. पक्ष्याच्या पायातील कडे सापडले, म्हणजे पक्षी जिवंत आहे असे ठरत नाही. तेच येथेही खरे आहे.

मूलपेशी मेली की तिच्यातील कण भोवतालच्या भक्षकपेशी गिळतात. काळा ठिपका जागच्या जागी राहतो. त्याचा धनी मात्र बदललेला असतो. २००८ मध्ये उंदरांच्या हृदयावरील एका प्रयोगात नेमके हेच आढळले. सोडलेल्या पेशी बव्हंशी नष्ट झाल्यानंतरही एमआरआयच्या चित्रात खूण दिसत राहिली, कारण लोह भक्षकपेशींत जाऊन बसले होते. केवळ चित्रावर विसंबून राहिले असते, तर पेशी जगल्या असा चुकीचा निष्कर्ष निघाला असता. शिवाय जुना रक्तस्राव किंवा हवेचा बुडबुडाही चित्रात काळाच दिसतो. म्हणून पेशी सोडण्यापूर्वीचे चित्र घेऊन ठेवणे आणि नंतरचे चित्र त्याच्याशी ताडून पाहणे आवश्यक ठरते.

खूण पेशीच्या स्वभावावर परिणाम करते का, हेही पाहावे लागते. २००४ मधील एका अभ्यासात लोहकणांची खूण लावलेल्या मूलपेशींपासून चरबीच्या व हाडाच्या पेशी व्यवस्थित तयार झाल्या. कूर्चेच्या पेशी तयार होण्यात मात्र अडथळा आला. म्हणजे खुणेचे प्रमाण आणि ती लावण्याची रीत प्रत्येक उपयोगासाठी स्वतंत्रपणे पारखून घ्यायला हवी.

साधनांची उपलब्धता हीदेखील एक अडचण आहे. फेरिडेक्स हे लोहकणांचे औषध अमेरिकेत १९९६ मध्ये मंजूर झाले, ते यकृताचे एमआरआय चित्र स्पष्ट दिसावे यासाठी. संशोधकांनी ते पेशींच्या खुणेसाठी वापरले. २००८ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. मूत्रपिंडाच्या रुग्णांतील रक्तक्षयावर २००९ मध्ये मंजूर झालेले फेरुमॉक्सिटॉल हे लोहाचे दुसरे औषध हेपारिन व प्रोटामिनबरोबर मिसळून पेशींना खूण लावता येते, असे २०१२ मध्ये दाखवण्यात आले. एका कामासाठी घडवलेले अवजार दुसऱ्या कामाला लावावे लागते आणि ते बाजारातून गेले की काम अडते, असा हा अनुभव आहे.

८. पुढची पावले

खुणेचे कण चुंबकीय असल्यामुळे त्यांचा आणखी एक उपयोग सुचला. चुंबक लावून पेशींना हव्या त्या जागी खेचता येईल का? जपानमधील हिरोशिमा विद्यापीठाच्या डॉक्टरांनी गुडघ्याच्या कूर्चेला इजा झालेल्या पाच रुग्णांवर असा प्रयत्न केला. त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णाच्याच लोहांकित मूलपेशी गुडघ्यात सोडून बाहेरून चुंबक धरला, म्हणजे पेशी इतस्ततः न पसरता इजेच्या जागी स्थिरावतील, अशी त्यामागची कल्पना होती. उपचार सुरक्षित असल्याचे त्यात आढळले. तथापि पाच ही संख्या लहान आहे. तिच्यावरून उपचाराची परिणामकारकता सिद्ध झाली असे म्हणता येत नाही.

दुसरी दिशा नव्या प्रतिमातंत्राची आहे. जर्मनीतील हॅम्बुर्ग येथील संशोधकांनी २००५ मध्ये चुंबकीय कण प्रतिमांकन हे तंत्र मांडले. त्यात लोहकणांचा संदेश थेट टिपला जातो. काळा ठिपका शोधण्याऐवजी कणांची जागा उजळ दिसते आणि कणांचे प्रमाणही मोजता येते. तरीही हे तंत्र कणच दाखवते. तो कण ज्या पेशीत आहे ती जिवंत आहे की नाही, याचा शोध अन्य मार्गांनी घ्यावाच लागतो.

९. आशा आणि विवेक

भारतातील रुग्णाच्या दृष्टीने या विषयाला फार महत्त्व आहे. दुर्धर आजाराने खचलेल्या कुटुंबाला मूलपेशींच्या नावाने मोठी आश्वासने दिली जातात आणि त्यासाठी घरदार गहाण टाकण्याची वेळ येऊ शकते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद व केंद्र सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २००७ मध्ये मूलपेशींविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांच्या शीर्षकात ‘संशोधन’ आणि ‘उपचार’ असे दोन्ही शब्द होते. २०१३ च्या सुधारित आवृत्तीतून ‘उपचार’ हा शब्द हेतुपुरस्सर वगळण्यात आला. एक शब्द गाळून मोठा इशारा दिला गेला. बहुतेक आजारांत मूलपेशींचा वापर अजून सिद्ध उपचार नाही, तो संशोधनाचा विषय आहे, हा त्याचा अर्थ.

२०१७ च्या तत्त्वांनीही हीच भूमिका कायम ठेवली. रक्ताच्या काही ठरावीक विकारांतील रक्तजनक मूलपेशींचे प्रत्यारोपण मान्य उपचार आहे. या तत्त्वांनुसार अन्य वापर केवळ रीतसर मंजूर झालेल्या वैद्यकीय चाचणीतच करता येतो. अशा चाचण्यांची नोंद भारताच्या राष्ट्रीय चाचणी नोंदणीत होते आणि ती कोणालाही पाहता येते. मूलपेशींच्या उपचाराचे आश्वासन मिळाले, तर रुग्णाने काही साधे प्रश्न विचारावेत. ही चाचणी नोंदवलेली आहे का? नीतिविषयक समितीची मंजुरी आहे का? चाचणीसाठी पैसे का मागितले जात आहेत? पेशी कोठे गेल्या आणि जगल्या की नाही, हे कसे तपासणार?

शेवटचा प्रश्न लोहकणांनी शिकवलेला आहे. पेशी टोचल्या, एवढ्याने उपचार झाला असे नव्हे. पेशी पोचल्या याचा पुरावा हवा. त्या जगल्या याचा पुरावा हवा. त्यांनी काम केले आणि त्यामुळे रुग्णाला गुण आला, याचाही पुरावा हवा. चुंबकीय नॅनोकण यांपैकी पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्यास साहाय्य करतात. उरलेल्या प्रश्नांसाठी शास्त्रज्ञांचे प्रयत्न चालू आहेत आणि तोवर आशेला विवेकाची जोड देणेच श्रेयस्कर आहे.

शब्दार्थ

अस्थिमज्जा – हाडाच्या पोकळीतील मऊ ऊती
ऊती – एकसारखे काम करणाऱ्या पेशींचा समूह
कूर्चा – सांध्यातील हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत, लवचीक आवरण
भक्षकपेशी – जंतू व मृत पेशी गिळणारी पेशी
लोहांकित – लोहाची खूण असलेला
बव्हंशी – बहुतेक अंशाने
हेतुपुरस्सर – मुद्दाम, जाणूनबुजून

भाषाभ्यास

शास्त्रीय लेखनात पारिभाषिक शब्दांना नेमका अर्थ असतो. त्यांतील अनेक शब्द सामासिक असतात. ‘मूलपेशी’ म्हणजे मूळ असलेली पेशी, ‘केशवाहिनी’ म्हणजे केसासारखी बारीक वाहिनी. काही शब्द मराठी व परकीय शब्दांच्या जोडणीतून बनतात. ‘नॅनोकण’ आणि ‘रेडिओलहरी’ ही त्याची उदाहरणे आहेत.

पुढील दोन वाक्ये पाहा :
(क) पेशी इजेच्या कडेने सरकल्या.
(ख) पेशी इजेकडे सरकत असाव्यात.
पहिल्या वाक्यात निश्चिती आहे, तर दुसऱ्यात अनुमान आहे. ‘असाव्यात’ या क्रियापदाच्या रूपाने लेखनातील सावधपणा व्यक्त होतो.

तुम्ही काय शिकलात?

• मूलपेशी स्वतःसारख्या पेशी निर्माण करतात व विशिष्ट पेशींतही रूपांतरित होतात.
• लोहाच्या ऑक्साइडचे नॅनोकण पेशींत घालून एमआरआयच्या साहाय्याने त्यांचा माग काढता येतो.
• काळा ठिपका लोहाचे स्थान दाखवतो, पेशी जिवंत असल्याची ग्वाही देत नाही.
• भारतातील २०१७ च्या तत्त्वांनुसार रक्ताचे काही विकार वगळता मूलपेशींचा वापर मंजूर चाचणीतच करता येतो.

पाठान्त प्रश्न

१. पेशींना लोहकणांची खूण लावण्याची रीत क्रमाने लिहा.
२. ‘खूण म्हणजे पेशी नव्हे’ हे विधान पाठातील दोन उदाहरणांनी स्पष्ट करा.
३. नायमेखन येथील प्रयोगातून कोणता बोध होतो, ते तुमच्या शब्दांत लिहा.
४. मार्गदर्शक तत्त्वांच्या शीर्षकातून ‘उपचार’ हा शब्द वगळण्यामागील अर्थ सांगा.
५. पुढील विधान अनुमानदर्शक करा : ‘त्या पेशी फुप्फुसांत अडकल्या.’
६. उपक्रम : वर्तमानपत्रातील आरोग्यविषयक एखादी जाहिरात घ्या. तिच्यातील दावे एका बाजूला व दिलेले पुरावे दुसऱ्या बाजूला लिहा. कोणत्या दाव्याला पुरावा नाही, याची नोंद करा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) स्वतःसारख्या मूलपेशी निर्माण करणे. विशिष्ट काम करणाऱ्या पेशी निर्माण करणे. (आ) पेशी भलत्या जागी पडणे. योग्य जागी पोचून मरणे. जगूनही काही करू न शकणे. (इ) चूक.
२. (अ) मूलपेशी कण सहज गिळत नाहीत. शिवाय पेशी व कण या दोघांवर ऋण भार असल्याने ते एकमेकांना दूर लोटतात. (आ) काळी, विझतो. (इ) चार.